रणगाडा हे इतिहासाचे साधन : ओळख आणि जीर्णोद्धार

कर्जत तालुक्यातील भिवपुरीचे जलविद्युत् केंद्र १९२२ साली सुरू झाले. त्यातील मूळ यंत्रे विसाव्या शतकाच्या अखेरीस काढून तेथे नवी बसविण्यात आली. तरीही हे भिवपुरीचेच जुने वीजगृह होय, असे आपण निःशंकपणे म्हणतो. वीजगृहाची ओळख त्याच्या कार्यात असते. वीज निर्माण होत आहे तोवर तेथील जनित्र कोणत्या सालचे, हा प्रश्न गौण ठरतो. परंतु काम थांबलेले यंत्र संग्रहालयात येऊन उभे राहिले म्हणजे त्याचे कार्यच बदलते. ते साक्षीदार बनते. आणि एका साक्षीदाराच्या जागी दुसरा उभा करून चालत नाही. प्रस्तुत लेखात हा प्रश्न रणगाडे व चिलखती गाड्या यांच्या संदर्भात मांडावयाचा आहे.

हा विषय महाराष्ट्राला परका नाही. अहिल्यानगर (पूर्वीचे अहमदनगर) येथे १९४८ पासून भारतीय चिलखती दलाचे केंद्र व प्रशिक्षणशाळा आहे आणि फेब्रुवारी १९९४ मध्ये तेथेच रणगाड्यांचे संग्रहालय स्थापन झाले. रोल्स-रॉइस ‘सिल्व्हर घोस्ट’च्या सांगाड्यावर उभारलेल्या चिलखती गाडीपासून शर्मन, सेंच्युरियन, विजयंता व युद्धात हाती लागलेले पॅटन येथपर्यंतची परंपरा तेथे एका आवारात पाहावयास मिळते. मराठ्यांच्या इतिहासाचे अभ्यासक कागदपत्रांची चिकित्सा ज्या काटेकोरपणे करतात, तीच शिस्त या पोलादी साधनांना लावता येईल काय, हे पाहणे म्हणूनच अगत्याचे आहे.

१. ओळखीच्या तीन पायऱ्या

पहिली पायरी जातीच्या ओळखीची. १९६५ च्या युद्धानंतर ‘पॅटन’ हा शब्द आपल्याकडे इतका रूढ झाला की, हाती लागलेला प्रत्येक पाकिस्तानी रणगाडा सामान्य प्रेक्षकास पॅटनच वाटतो. वस्तुतः या एका नावाखाली निरनिराळे रणगाडे येतात. एम-४७ मध्ये पाच जणांचे दल असे व त्यांपैकी एक जण पुढील भागातील मशीनगन चालवी. एम-४८ मध्ये ही मशीनगन व तिचा चालक दोन्ही नाहीत, दल चौघांचे आहे, आणि त्याचे ओतीव अंग नावेच्या तळासारखे गोलसर आहे. तोफ मात्र दोहोंवर ९० मिलिमीटरचीच. केवळ तोफेवरून निर्णय देणारा अभ्यासक येथे हमखास फसतो. सेंच्युरियन व विजयंता यांच्या बाबतीतही असेच होते. दोहोंना प्रत्येक बाजूस सहा चाके. परंतु सेंच्युरियनची चाके जोडीजोडीने बाहेरील स्प्रिंगांच्या जुळणीवर बसविलेली असतात, तर आवडी येथे १९६५ पासून तयार होऊ लागलेल्या विजयंताचे प्रत्येक चाक अंगाखालून आडव्या गेलेल्या पीळदार दांड्यावर तोललेले असते.

दुसरी पायरी व्यक्तीच्या ओळखीची. जात कळली म्हणजे गाडी कळली असे नव्हे. १९६५ साली शर्मन रणगाडे भारताकडेही होते व पाकिस्तानकडेही होते. तेव्हा ‘हा शर्मन होय’ या विधानाने तो कोणाच्या बाजूने लढला हे सिद्ध होत नाही. त्यासाठी अंगावर ठोकलेला अनुक्रमांक (शर्मनच्या बाबतीत तो ओढकड्याच्या पाख्यावर सापडतो), ओतशाळेची उठावाची चिन्हे, सैन्याचा नोंदणीक्रमांक आणि पलटणीची निशाणी यांचा एकमेकांशी मेळ घालावा लागतो. पत्राची सत्यता ठरविताना आपण मायना, शिक्का, मिती व हस्ताक्षर एकत्र तपासतो, त्यातलाच हा प्रकार होय.

तिसरी पायरी चरित्राची : ही गाडी कोठे होती, तिच्यात कोण होते, तिच्यावर काय गुजरले. ही पायरी सर्वांत अवघड असून बहुतेक ठिकाणी माहितीफलक तिच्याआधीच थांबतो.

२. बदल हाही पुरावाच

जीर्णोद्धार करणाऱ्याची पहिली ओढ ‘मूळ रूपा’कडे असते. ही ओढ किती घातक ठरू शकते याचे उत्तम उदाहरण भारतीय शर्मनचे आहे. दुसऱ्या महायुद्धातील या रणगाड्याची तोफ पुढे अपुरी पडू लागली. तेव्हा भारतीय सैन्यातील काही शर्मनांवर एएमएक्स-१३ या फ्रेंच रणगाड्याची ७५ मिलिमीटरची, तर काहींवर पीटी-७६ या रशियन रणगाड्याची ७६ मिलिमीटरची तोफ बसविण्यात आली. परदेशी पुस्तकातील चित्राशी अशी गाडी ताडून पाहणारा मनुष्य ‘ही तोफ चुकीची आहे’ असे म्हणेल आणि सद्‌हेतूने ती काढून अमेरिकी तोफ शोधू लागेल. त्याला १९४३ चा एक शर्मन मिळेल खरा. परंतु तसे शर्मन जगात अनेक आहेत. नाहीशी होईल ती अलिप्त भारताची शस्त्रविषयक विवंचना : अमेरिकी अंग, फ्रेंच किंवा रशियन तोफ आणि देशी कारागिराचा हात. ती ज्या पोलादावर उमटली आहे तेच पोलाद आपण भंगारात टाकू.

हिंदुस्थानातील क्रॉस्ली चिलखती गाड्यांची कथाही अशीच बोलकी आहे. १९२० नंतरच्या दशकात आलेल्या या गाड्यांची वरची चिलखती अंगे १९३९ च्या सुमारास शेव्हरोलेच्या सांगाड्यांवर चढविण्यात आली. आता अशी गाडी कोणत्या सालची म्हणावयाची? पाठचिकित्सेत आपण प्रत कोणत्या काळची आणि तिच्यातील मजकूर कोणत्या काळचा हे वेगळे ठेवतो. येथेही अंग व सांगाडा यांच्या तारखा वेगवेगळ्या नोंदविणे हेच शास्त्रशुद्ध उत्तर आहे.

रंगाचेही तसेच. शेंदराच्या पुटांखाली मूर्तीचे नाकडोळे बुजावेत त्याप्रमाणे चौकाचौकांतील चबुतऱ्यांवर उभ्या असलेल्या रणगाड्यांची चिन्हे दरसालच्या रंगाखाली बुजत जातात. याउलट, एकदम घासून पोलाद उघडे करणे हाही अपराधच. कारण खालच्या पदरांत जुने क्रमांक व निशाण्या असतात. तळहाताएवढी जागा निवडून पदरामागून पदर उलगडावा, प्रत्येकाचे छायाचित्र घ्यावे आणि मगच पुढे जावे, हा मार्ग संथ असला तरी निर्धोक आहे.

३. कोणत्या क्षणापर्यंत मागे जावयाचे?

जीर्णोद्धारातील खरा पेच यांत्रिक नसून ऐतिहासिक आहे. १८१७ साली उभारल्या गेलेल्या पूना हॉर्स या रिसाल्यातील सेकंड लेफ्टनंट अरुण खेत्रपाल यांचा जन्म पुण्याचा. १६ डिसेंबर १९७१ रोजी बसंतरच्या रणांगणावर त्यांचा सेंच्युरियन, ‘फामागुस्टा’, मारा बसून पेटला. गाडी सोडण्याची सूचना झाली असताही, तोफ चालू आहे म्हणून ते लढत राहिले व त्याच गाडीत त्यांना वीरमरण आले. वयाच्या एकविसाव्या वर्षी त्यांना मरणोत्तर परमवीर चक्र मिळाले. तो रणगाडा पुढे दुरुस्त करण्यात आला व अहिल्यानगरच्या केंद्रात जतन केला आहे.

अशा गाडीस कोणत्या क्षणी आणून उभी करावयाची? १६ डिसेंबरच्या सकाळी की सायंकाळी? सकाळची गाडी सुस्थितीतील, चालती, सैनिकाला अभिमान वाटावा अशी, सायंकाळची जखमी. पहिलीत यंत्राचा इतिहास आहे, दुसरीत माणसाचा. रिसाल्याच्या दृष्टीने चालती गाडी ही परंपरेची खूण असते, आणि ती भावना तुच्छ लेखण्याचे कारण नाही. तथापि इतिहासाच्या विद्यार्थ्याला गोळ्याचे छिद्र कोठे, कोणत्या कोनातून आणि कोणत्या जाडीच्या चिलखतातून गेले यावाचून त्या दिवसाचे विधान पडताळता येत नाही. छिद्र बुजविले म्हणजे एक ओळ खोडली गेली.

परदेशांत या पेचाची दोन भिन्न उत्तरे दिली गेली आहेत. इंग्लंडमधील बोव्हिंग्टनच्या संग्रहालयाने एप्रिल १९४३ मध्ये ट्युनिशियात हाती लागलेला ‘टायगर १३१’ दीर्घ परिश्रमांनी चालता केला. त्यातील महत्त्वाची गोष्ट अशी की, हा रणगाडा जगप्रसिद्ध होऊनही तो नेमका कोठे हाती लागला याविषयीची रूढ हकीकत अनेक वर्षांनंतर नव्या संशोधनामुळे बदलावी लागली. याच्या उलट फ्रान्समधील फ्लेस्किएर येथील ‘डेबोरा’. नोव्हेंबर १९१७ मधील कांब्रेच्या लढाईत निकामी होऊन पुरला गेलेला हा ब्रिटिश रणगाडा १९९८ साली उकरून काढण्यात आला. पलटणीच्या दप्तराशी मेळ घालून त्याची ओळख पटविण्यात आली. आणि तोफगोळ्यांनी फाटलेल्या स्थितीतच तो ठेवण्यात आला. त्यात मृत्यू पावलेल्या सैनिकांची थडगी त्याच गावाजवळ आहेत. तेथे नवा पत्रा जोडण्याचा मोह कोणास झाला नाही, हे योग्यच झाले.

माझ्या मते नियम असा असावा : जेथे एका जातीच्या अनेक गाड्या उरल्या आहेत, तेथे एखादी चालती करण्यास हरकत नाही, परंतु जी गाडी विशिष्ट माणसांच्या व विशिष्ट दिवसाच्या नावाने ओळखली जाते, तिच्यातील क्षत हा दोष न मानता मजकूर मानावा. गंज थांबवावा, तळाशी साचणाऱ्या पाण्यास वाट द्यावी, विरलेले रबर बदलावे. आणि बदललेला प्रत्येक भाग कागदावर नोंदवून जुना भाग जपून ठेवावा. जुन्या मापकांच्या तबकड्यांवरील रेडियमचा रंग, तसेच अ‍ॅस्बेस्टॉस यांपासून काम करणाऱ्यांस धोका असतो, म्हणून तेवढी काढघाल अटळ आहे. तीही नोंदीसह व्हावी.

४. उपसंहार

वि. का. राजवाडे यांनी अस्सल कागदांसाठी गावोगाव पायपीट केली, ती कागद वाळवीच्या तोंडी पडत आहेत हे ओळखून. पोलाद वाळवी खात नाही म्हणून आपण निर्धास्त आहोत. परंतु कोकणातील चार महिन्यांचा पाऊस आणि दरवर्षीचा नवा रंग यांना वाळवीचेच काम साधते. शिवाय या साधनाचे वाचन करू शकणारे लोकही थोडे उरले आहेत. १९६५ साली विशीत असलेला चालक किंवा तोफची आज ऐंशी ओलांडून गेला आहे. कोणती झडप हाताने उघडावी लागे, कोणता ठिगळ-पत्रा कोणत्या कार्यशाळेत जोडला गेला, हे त्याच्या स्मरणातच आहे. पदव्युत्तर विद्यार्थ्यांनी आपल्या जिल्ह्यातील चबुतऱ्यावरची एकेक गाडी घेऊन तिची जात, क्रमांक व चरित्र यांचे टिपण करावे आणि ते अशा एखाद्या वृद्ध सैनिकास वाचून दाखवावे. टिपणातील चुका तो सांगेल. आणि त्या दुरुस्त करताना जे लिहिले जाईल, ते फलकावर कोठेही सापडणार नाही.