मोबाईलने गॅरेजच्या फरशीची लेव्हल कशी तपासायची?

गॅरेजमध्ये गाडी धुतली की पाणी दाराकडे न जाता कोपऱ्यात साचतं? की पावसाळ्यात तेच पाणी घराच्या उंबऱ्याकडे येतं? फरशी नक्की कुठे वाकडी आहे, हे कळल्याशिवाय गवंड्याला बोलावलं तर पैसे जातात आणि डबकं तिथेच राहतं. तपासणीचं बरंचसं काम खिशातल्या फोनने होतं. फक्त त्याची मर्यादा माहीत हवी.

फोनला उतार कसा कळतो?

फोनमध्ये ॲक्सेलरोमीटर नावाची चिप असते. तिच्या आत सिलिकॉनचा अगदी बारीक तुकडा स्प्रिंगसारख्या पट्ट्यांवर टांगलेला असतो. फोन कलला की गुरुत्वाकर्षणामुळे तो किंचित सरकतो, शेजारच्या प्लेट्समधली विद्युत धारिता बदलते आणि त्यावरून कोन काढला जातो. आयफोनमध्ये ही सोय 'मेजर' ॲपच्या लेव्हलमध्ये आहे. अँड्रॉइडवर त्यासाठी बबल लेव्हलची ॲप्स मिळतात.

अडचण कुठे आहे?

गॅरेजला साधारण १:१०० उतार ठेवतात, म्हणजे १ मीटरला १ सेंटिमीटर. हा कोन भरतो फक्त ०.५७ अंश! आयफोनची लेव्हल पूर्ण अंशातच आकडा दाखवते. १ अंशाची चूक म्हणजे ५ मीटर लांबीत जवळपास ९ सेंटिमीटर. त्यामुळे दशांश दाखवणारं ॲप घ्या. जर्मनीतल्या आखेन विद्यापीठाचं 'फायफॉक्स' हे मोफत ॲप आयफोन आणि अँड्रॉइड दोन्हींवर चालतं.

महागड्या फोनमधला लायडार इथे उपयोगाचा नाही. त्याचा अंदाज सेंटिमीटरच्या पातळीवरचा असतो, आपल्याला मिलिमीटर हवेत.

फोनने मोजायची पद्धत

१. कव्हर काढा. कॅमेऱ्याचा उंचवटा पृष्ठभागाला टेकणार नाही असा फोन ठेवा.
२. फोन थेट फरशीवर ठेवू नका. २ मीटरचा सरळ, चौकोनी ॲल्युमिनियम पाइप घ्या आणि त्यावर ठेवा.
३. आकडा लिहून घ्या. मग फोन त्याच जागी १८० अंश फिरवून पुन्हा मोजा.
४. दोन्ही आकड्यांमधल्या फरकाचा अर्धा भाग म्हणजे खरा उतार.

उदाहरणार्थ, आधी ०.९ आणि फिरवल्यावर उणे ०.३ आलं. फरक १.२, म्हणून खरा उतार ०.६ अंश. उरलेली ०.३ ही फोनची स्वतःची चूक होती.

मिलिमीटरसाठी पाण्याची नळी

फोनने उताराची दिशा कळते. नेमका खड्डा शोधायला मात्र गवंड्याची पारदर्शक नळीच भारी. नळीत पाणी भरा, बुडबुडे काढून टाका. दोन्ही टोकांचं पाणी एकाच पातळीत राहतं. त्यावरून दोन्ही भिंतींवर सारख्या उंचीच्या खुणा करा, समोरासमोरच्या खुणांमध्ये दोरी ताणा आणि दर मीटरला दोरीपासून फरशीपर्यंतचं अंतर मोजा. आकडे फोनमधल्या स्प्रेडशीटमध्ये भरा.

समजा, मागच्या भिंतीशी अंतर १०० सेंटिमीटर आहे. १:१०० उतारासाठी दाराच्या दिशेने ३ मीटरवर ते १०३ हवं. १०४.२ आलं तर तिथे १२ मिलिमीटरचा खड्डा आहे. १०२.५ आलं तर ५ मिलिमीटरचा उंचवटा.

मग काय करायचं?

* उंचवटा: ग्राइंडरने घासतात. सिमेंटची धूळ फुफ्फुसांना घातक असते, त्यामुळे चांगला मास्क हवाच.
* छोटे खड्डे: साफ करून, प्रायमर लावून दुरुस्तीचं मिश्रण भरतात. ते वाहनाचं वजन झेलणारं आहे का, हे पिशवीवर वाचा.
* पूर्ण उतारच उलटा असेल तर: गवंड्याकडून उतार देऊन नवा कोबा करून घ्या.

पूर्ण फरशीवर सेल्फ-लेव्हलिंग मिश्रण ओतायच्या आधी थांबा! ते पाण्यासारखं स्वतःच सपाट होतं, म्हणजे असलेला उतारही घालवतं. गॅरेज सपाट दिसेल, पण पाणी बाहेर जाणार नाही. तिथे ई-स्कूटरचं चार्जिंग होत असेल तर साचलेलं पाणी जास्तच धोक्याचं.

खर्चाचा अंदाजही काढता येतो. ३ बाय ५ मीटरची जागा, सरासरी १० मिलिमीटर थर, म्हणजे १५० लिटर मिश्रण. दर चौरस मीटरला, दर मिलिमीटरला १.७ किलो धरले तर २५५ किलो, म्हणजे २५ किलोच्या ११ पिशव्या. तुमच्या पिशवीवरचा आकडा वेगळा असेल तर तोच धरा.

काम सुरू करण्याआधी

प्लास्टिकचा तुकडा चारही बाजूंनी टेपने फरशीला चिकटवून एक दिवस ठेवा. आत थेंब दिसले तर खालून ओल येतेय, आधी ती थांबवा. काँक्रीटमधले मुद्दाम सोडलेले सांधे बुजवू नका. सोसायटीचं पार्किंग असेल तर आधी परवानगी घ्या.

शेवटी एक बादली पाणी ओता, डबक्यांभोवती खडूने रेघ मारा आणि फोटो काढून ठेवा. काम पूर्ण झाल्यावर पुन्हा तेवढंच पाणी ओता. गवंड्याचे उरलेले पैसे द्यायच्या आधी दोन्ही फोटो शेजारी ठेवून बघा.