रबरी ठसेकाम (मुंबई उपनगरे)

रबर किंवा पॉलिमरवर उठावात घेतलेल्या आकृतीला शाई लावून ती कागदावर उमटवणे आणि अशा ठशांनी भेटकार्डे, पाकिटे व चित्ररोजनिशीची पाने सजवणे, अशी ही हस्तकला. चित्ररोजनिशीला उपनगरांत सर्रास ‘आर्ट जर्नल’च म्हणतात : मजकूर, रंग, ठसे, रेल्वेची तिकिटे, कातरणे यांचे थर एकाच पानावर चढवलेली खासगी वही. अंधेरी-बोरिवली आणि घाटकोपर-मुलुंड या दोन्ही रेल्वेमार्गांवरच्या वस्त्यांत या छंदाचे ठसे दोन ठिकाणांहून येतात. एक, परदेशी बनावटीचे किंवा त्या धर्तीचे पारदर्शक ठशांचे संच. दुसरे, स्टेशन आणि सरकारी कचेऱ्यांच्या आसपास टेबल मांडून बसलेला शिक्केवाला. छंदाविषयी जे छापून येते ते बहुतेक पहिल्याबद्दल असते. मराठी मजकुराचे कार्ड करायचे ठरले की मात्र दुसऱ्याचेच पाय धरावे लागतात, म्हणून या नोंदीत त्याला अधिक जागा दिली आहे.

पूर्वपीठिका : छाप उमटवण्याची सवय इथे रबराच्या कितीतरी आधीची. वैष्णव घरांत शंख-चक्राच्या पितळी मुद्रा ओल्या गोपीचंदनात टेकवून कपाळावर आणि दंडावर उमटवतात. दारातल्या रांगोळीसाठी भोकांचे छापे असतात. मराठी शाळांत कार्यानुभवाच्या तासाला भेंडी आडवी कापून पाचपाकळी फूल उमटवले नाही, असा विद्यार्थी विरळा. रबरी ठशाची गोष्ट मात्र परदेशी आहे. गंधक घालून तापवलेले रबर चिकट न राहता टिकाऊ होते, हे चार्ल्स गुडइयर यांना १८३९ मध्ये आढळले. १८६० च्या दशकात अमेरिकेत रबरी शिक्के निघाले, आणि पहिल्या कारागिरांनी त्यासाठी दंतवैद्यांची, कवळीचे रबर तापवायची भांडी वापरली. आपल्याकडे हा शिक्का कचेरीतून आला आणि बराच काळ कचेरीतच राहिला. तिकडे १९७० नंतर तो छंदाच्या टेबलावर गेला. त्या वाटेने तो इकडे परत आला, तेव्हा त्याच्यावर फुले, फुलपाखरे आणि इंग्रजी शुभेच्छा होत्या.

शिक्केवाला : जुन्या पद्धतीत शिशाचे खिळे जुळवून मजकूर बांधत, त्याचा खोलगट छाप साच्याच्या पुठ्ठ्यात घेत, त्यावर कच्च्या रबराचा तुकडा ठेवून तो तापत्या दाबयंत्रात सुमारे १५० अंश सेल्सिअसला काही मिनिटे दाबत. निघालेली लालसर चकती कात्रीने कापून लाकडी मुठीवर चिकटवली की शिक्का तयार. आता मजकूर संगणकावर बसवतात आणि काळ्या फिल्मवर त्याची निगेटिव्ह काढतात. फिल्मवर काच, काचेवर मधासारखा दाट पॉलिमर, वर पुन्हा काच, आणि अतिनील दिवा. फिल्मच्या पारदर्शक भागातून उजेड पोचतो तिथे द्रव घट्ट होतो. उरलेला साबणाच्या पाण्यात ब्रशने घासला की निघून जातो. लेसरने रबर कोरण्याची सोयही काही ठिकाणी आहे.

शिक्केवाला गिऱ्हाईक पाहून आपणहून आतच शाई भरलेला ‘फ्लॅश’ किंवा आपोआप शाई लागणारा शिक्का पुढे करतो. कार्डाच्या कामाला दोन्ही निरुपयोगी : रंग बदलता येत नाही आणि ठसा नेमका कुठे पडतो ते हात उचलल्याशिवाय कळत नाही. त्याच्याकडे नुसता पॉलिमरचा तुकडा मागावा, मूठ नको. मागे दुहेरी टेप लावून तो पारदर्शक ॲक्रिलिकच्या ठोकळ्यावर बसवता येतो, वरून आरपार दिसते आणि पैसेही कमी पडतात. स्वतःचे रेखाचित्र नेल्यास तो त्याचाही ठसा करतो. एक बंधन आहे : अशोकस्तंभाचे चिन्ह शोभेसाठी कार्डावर घेता येत नाही, २००५ च्या राजचिन्हविषयक कायद्याने त्याच्या अशा वापरास मनाई आहे.

देवनागरीची अडचण : रोमन अक्षरांचे सुटे ठसे ओळीने लावले की शब्द होतो. देवनागरीत काना जमतो, पण वेलांटी, मात्रा, रफार आणि जोडाक्षरे आली की सुट्या ठशांचा संच कोलमडतो. त्यातून शिरोरेघ सलग हवी. हाताने लावलेल्या अक्षरांत ती पायऱ्यापायऱ्यांची होते. म्हणून इथे अक्षराचा नव्हे, अख्ख्या शब्दाचा ठसा करावा लागतो. ‘शुभेच्छा’ हा भेटकार्डावरचा सर्वांत लागणारा शब्द आणि नेमका तोच नडतो : लहान आकारात ‘च्छ’च्या पोकळीत शाई साचते आणि अक्षराचा काळा ठिपका होतो. फॉन्ट निवडताना याच एका जोडाक्षरावर तो पारखावा; ते मोकळे उमटले तर बाकीचे उमटतेच. शिरोरेघ फार बारीक ठेवली तर ती तुटक येते आणि फार जाड ठेवली तर पहिली नजर तिच्यावरच जाते. अक्षरांतले अंतर किंचित वाढवून घेतले तर दोन्ही दोष आटोक्यात राहतात.

घरी कोरलेले ठसे : शाळेचा खोडरबर आणि कटर एवढ्यावर हे काम होते. चित्र ट्रेसिंग पेपरवर मऊ पेन्सिलीने काढून कागद खोडरबरावर पालथा घासला की ते आपोआप उलटे उतरते आणि छापल्यावर सुलटे दिसते. पाते उभे न धरता रेषेपासून बाहेर कलते धरावे. उलट कलले तर उठावाच्या बुडाची जाडी जाते आणि पंधरा-वीस छापांत रेषा मोडते. पांढरे विनाइलचे खोडरबर प्लॅस्टिकच्या डबीत ठेवले तर कालांतराने डबीला चिकटून बसतात. ते कागदात गुंडाळावेत.

मोठ्या ठशासाठी लिनोलियम वापरतात. लिनोकटचे एक मोठे नाव अंधेरीशी जोडलेले आहे : चित्तप्रसाद भट्टाचार्य (१९१५–१९७८). बंगालच्या दुष्काळाची चित्रे काढणारे हे चित्रकार १९४६ मध्ये मुंबईत आले आणि पुढे अनेक वर्षे अंधेरीत राहिले. राबणाऱ्या मुलांवरची त्यांची लिनोकट मालिका प्रसिद्ध आहे. त्यांचे काम राजकीय आणि गंभीर. भेटकार्डांशी त्याची सोयरीक लावणे ओढूनताणून होईल. पण काळे काय ठेवायचे आणि पांढरे काय सोडायचे, हा कोरणाऱ्यापुढचा प्रश्न त्यांच्या छापांत जितका उघड दिसतो तितका कुठल्याही छंदपुस्तकात दिसत नाही.

सामान : रंग आणि गोंद यांच्या बाबतीत उपनगरे सुदैवी आहेत. दिगंबर परशुराम दांडेकर यांनी १९३१ मध्ये मुंबईत शाईपासून सुरू केलेला कॅम्लिनचा उद्योग (२०११ मध्ये जपानच्या कोकुयो कंपनीकडे त्याची मालकी गेली) आणि १९५९ पासूनची, फेविकॉल व फेविक्रिल बनवणारी पिडिलाइट, या दोन्हींची कार्यालये अंधेरी पूर्वेला आहेत. कागदाचे तसे नाही. कार्डासाठी २५० ते ३०० जीएसएमचा (चौरस मीटरला ग्रॅम) जाड, गुळगुळीत, चकाकी नसलेला कागद लागतो. शाळेची कार्डशीट त्यामानाने पातळ आणि दुमडल्यावर घडीला फुटणारी. छापखान्यातली जाड कागदाची कातरण मिळाली तर तीच उत्तम. घडी घालण्याआधी रिकाम्या बॉलपेनने पट्टीलगत खाच पाडली की ती सरळ येते.

हातकागदाविषयी थोडे. पुण्याची हातकागद संस्था १९४० ची. खादी आणि ग्रामोद्योग आयोगाचे मुख्यालय विलेपार्ल्याच्या इर्ला भागात, तर त्याची कोरा ग्रामोद्योग संस्था बोरिवलीच्या शिंपोली रस्त्यावर. कापडाच्या चिंध्यांपासून केलेला हा कागद देखणा खरा, पण बारीक रेषेच्या ठशाला तो वैरी आहे : खडबडीत पृष्ठावर रेषा जागोजाग सुटते. त्यावर ठळक ठसे घ्यावेत, किंवा गुळगुळीत कागदावर उमटवलेली आकृती कापून त्यावर डकवावी.

शाई आणि उठाव : कचेरीच्या जांभळ्या-निळ्या स्टॅम्प पॅडची शाई कागदात शोषली जाऊन वाळते. आर्ट कार्डाच्या गुळगुळीत लेपावर ती दिवसभर ओलीच राहते आणि वरून जलरंग लावला तर ओघळते. रेषा काळी करून आत रंग भरायचे असतील तर पाण्याने न फुटणारी पक्की शाई हवी. ठशाच्या कामात पैसे खर्च करावेत ते इथे. ॲक्रिलिक रंगानेही ठसा घेता येतो, मात्र तो ताबडतोब धुवायचा. खाचांत वाळलेला रंग पुन्हा निघत नाही.

उठावाच्या ठशात संथ वाळणारी चिकट शाई, तिच्यावर राळेची बारीक पावडर, जादा पावडर झटकून टाकणे आणि मग गरम हवा, असा क्रम असतो. लग्नपत्रिकांवरची हाताला लागणारी चकचकीत अक्षरे याच तत्त्वावर छापतात. गिरगावात खाडिलकर रस्त्यावर, म्हणजे जुन्या कांदेवाडीत, अशा पत्रिकांची दुकाने ओळीने आहेत. केस वाळवायचे यंत्र इथे चालत नाही, ते पावडर वितळवण्याआधी उडवून लावते. हीट गन नसेल तर कार्ड चिमट्यात धरून तापल्या तव्याच्या वर चार बोटे ठेवावे. पावडर आधी खडबडीत दिसते, मग एका क्षणात काठाकडून चमक पसरत जाते. तेवढ्यात उचलले नाही तर कागद पिवळा पडतो.

पावसाळा : जून ते सप्टेंबर हा या छंदाचा कसोटीचा काळ. जुलैत हवेतील आर्द्रता ८० टक्क्यांच्या वर असते, कागद सादळतो, पावडर नको तिथे चिकटते. त्यावर उपाय म्हणजे पातळ फडक्यात टाल्कम पावडरची पुरचुंडी बांधून ती ठशाआधी कागदावरून फिरवणे. चित्ररोजनिशीचे हाल अधिक होतात : ॲक्रिलिक रंगाची समोरासमोरची पाने एकमेकांना चिकटतात आणि उघडताना वरचा थर घेऊन येतात. मध्ये बटर पेपर घालण्याला पर्याय नाही. पारदर्शक ठसे उन्हात पिवळे पडतात, रबरी ठसे उष्णतेने तडकतात, म्हणून खिडकीजवळचा खण दोन्हींना वर्ज्य.

प्रसंग : मराठी घरांत भेटकार्डाचा मुख्य सण दिवाळी, पण खास आपला म्हणावा तो संक्रांत. पतंग, हलव्याचे दागिने आणि ‘तिळगूळ घ्या, गोड बोला’ एवढ्या ऐवजाची लहान कार्डे जानेवारीत टपालाने जात आणि पाकिटात हलव्याचे चार दाणेही घातलेले असत. छापील कार्डांतून निधीसंकलनही होई : रिपन कपूर यांनी १९७९ मध्ये मुंबईत स्थापलेल्या ‘क्राय’ या मुलांसाठी काम करणाऱ्या संस्थेची अशी कार्डे अनेक घरांत पोचली. मोबाइलवरून फुकट शुभेच्छा जाऊ लागल्यावर छापील कार्डाची बाजारपेठ आटली. हातचे कार्ड उरले ते संख्येने थोडे आणि बहुतेक हातोहात द्यायचे. टपालाने पाठवायचेच तर वजन पाहावे : ए-फाइव्ह आकाराचा २५० जीएसएम कागद सुमारे ८ ग्रॅम भरतो आणि साध्या पत्राचा पहिला टप्पा २० ग्रॅमपर्यंतचा असतो. पाकिटासह तेवढ्यात बसते, पण फोमची टेप, आरसे आणि मणी लावले की वजन वर जाते. शिवाय मणी टपालाच्या शिक्क्याखाली फुटतात.

चित्ररोजनिशीला अशी वजनमर्यादा नाही आणि प्रेक्षकही नाही. तिथे बिघडलेला ठसाही चालतो, वर पांढऱ्या गेसोचा, म्हणजे रंगाखाली द्यायच्या लेपाचा, हात फिरवला की पान पुन्हा मोकळे. ठसेकाम शिकायला कार्डापेक्षा वही बरी, ती यामुळेच.

शिक्केवाल्याकडे जाताना मजकूर सुलटाच न्यावा. ठशासाठी तो उलटा करायचे काम त्याचे असते; गिऱ्हाइकाने आधीच उलटा करून नेला, तर कार्डावर तो उलटाच उमटतो. मुद्रित नेहमी कागदावर मागावे आणि ऱ्हस्व-दीर्घ तिथेच तपासून द्यावे, कारण पॉलिमर घट्ट झाल्यावर वेलांटी बदलता येत नाही.