शोभेच्या दारूचें सीमोल्लंघन

शरद् ऋतु लागला, आकाश निवळलें आणि नवरात्राचे घट बसले, कीं आमच्या सुशिक्षित घरांतून एक वाद दरवर्षीं नव्यानें सुरू होतो. एका पक्षाचें म्हणणें असें कीं, शोभेची दारू उडविणें हें आमच्या सणांचें सनातन अंग असून त्याला हात लावणें म्हणजे धर्माला हात लावणें होय. दुसऱ्या पक्षाचें म्हणणें असें कीं, हा सारा प्रकार म्हणजे पैशाचा धूर, आणि तोहि परक्यांकडून उसना घेतलेला. दोन्ही पक्ष आवेशानें बोलतात. परंतु ज्या गोष्टीविषयीं बोलावयाचें तिचा इतिहास काय, हें विचारण्याची तसदी बहुधा कोणीच घेत नाहीं. मिरजेच्या टापूंत राहणारांस तर ही तसदी घेण्यास विशेष कारण आहे. दसऱ्याच्या रात्रीं महाराष्ट्रांत जिची बरोबरी क्वचितच कोठें होत असेल अशी आतषबाजी आमच्या शेजारींच, तासगांव तालुक्यांतील कवठे एकंद या गांवीं होते.

प्रथम थोडें दूर पाहूं. इंग्लंडांत नोव्हेंबरच्या ५ तारखेस होळ्या पेटवितात व दारूकाम उडवितात, हें आमच्या वाचकांस ठाऊक आहेच. १६०५ सालीं कांहीं कॅथॉलिक पंथी मंडळींनीं राजासह पार्लमेंट उडवून देण्याचा कट केला. गाय फॉक्स हा तळघरांत छत्तीस पिंपें दारूसह सांपडला. आणि दुसऱ्याच वर्षीं पार्लमेंटानें कायदा करून या तारखेस देवाचे आभार मानण्याची सक्ती केली. हा कायदा १८५९ पर्यंत चालू होता. म्हणजे हा सण सरकारी हुकमानें व एका पंथाच्या द्वेषानें वाढला. पुढें कायदा गेला, द्वेष ओसरला, पण होळी विझली नाहीं. लोकांनीं कारण टाकून दिलें आणि ज्योत तेवढी ठेवली. सणांचा इतिहास वाचतांना हें एक सूत्र मनांत ठेवण्यासारखें आहे : अग्नि टिकतो, त्याचा अर्थ पिढीगणिक बदलत जातो.

आमच्याकडील शारदीय अग्नीचें मूळ निराळें आहे. दिवाळीच्या अंधाऱ्या रात्रीं हातांत उल्का, म्हणजे पेटत्या चुडी, घेऊन पितरांस वाट दाखवावी, असा विधि आमच्या धर्मग्रंथांत सांगितलेला आहे. महालयांत भूलोकीं आलेले पितर परत जावयास निघतात. त्यांचा मार्ग उजळावा, ही त्यांतील कल्पना. कार्तिकांतला आकाशदिवा, देवळापुढची दीपमाळ, त्रिपुरी पौर्णिमेच्या वाती, हीं सारीं याच कुळांतलीं. यांत तेल आहे, वात आहे, चुडी आहे. दारूचा कण नाहीं आणि आवाज तर मुळींच नाहीं. शुक्रनीतींत अग्निचूर्णाचें प्रमाण दिलेलें आहे खरें, व त्यावरून प्राचीन आर्यांस तोफा ठाऊक होत्या असें मानणारेहि पुष्कळ आहेत. परंतु त्या ग्रंथाचें आज उपलब्ध असलेलें रूप बरेंच अर्वाचीन असावें, असें अनेक संशोधकांचें मत आहे. तेव्हां एवढ्या एका खुंटीवर सनातनत्वाचा भार टांगणें शहाणपणाचें नव्हे.

सोरा, गंधक व कोळसा यांच्या मिश्रणाचा शोध चीन देशांत लागला व तेथून तें हळूहळू पश्चिमेस व दक्षिणेस पसरलें. आमच्या देशांतील दारूकामाचा इतिहास प्रथम पद्धतशीरपणें जुळविला तो पुण्याच्या भांडारकर संस्थेचे परशुराम कृष्ण गोडे यांनीं. त्यांचा तद्विषयक इंग्रजी निबंध १९५३ सालीं प्रसिद्ध झाला. त्यांत गोळा केलेले पुरावे मोठे मनोरंजक आहेत. १४४३ सालीं विजयनगरास आलेला इराणी वकील अब्दुर रझाक हा तेथील महानवमीच्या थाटांत दारूकाम पाहिल्याचें नमूद करतो. ओढ्या प्रांताचा गजपति राजा प्रतापरुद्र, जो १४९७ सालीं गादीवर आला, त्याच्या ‘कौतुकचिंतामणि’ या संस्कृत ग्रंथांत कल्पवृक्षबाण, चामरबाण, चंद्रज्योति, छुछुंदरी अशा जिनसांच्या कृति दिल्या आहेत. आणि १५७१ सालीं पूर्ण झालेल्या एकनाथांच्या रुक्मिणीस्वयंवरांत श्रीकृष्णाच्या लग्नाच्या थाटांत दारूकामहि आहे. द्वारकेच्या राण्याच्या वरातींत दारू उडते, याचा अर्थ श्रीकृष्णाच्या काळीं दारू होती असा नव्हे. नाथांच्या काळीं ती महाराष्ट्रांतील श्रीमंत लग्नांत इतकी रुळली होती कीं तिच्यावांचून वरात शोभेल, असें नाथांच्या श्रोत्यांस वाटलेंच नसतें, असा आहे. दोन्ही पक्षांस यांत उत्तर आहे. दीप सनातन आहे, दारू नाहीं. पण जी वस्तु पांचशें वर्षें आमच्या घरीं नांदली तिला परकी म्हणणें हेंहि खरें नव्हे.

पेशवाईंतील एक प्रसंग येथें सांगावासा वाटतो. महादजी शिंदे १७९२ सालीं पुण्यास आले. बखरकार सांगतो कीं, त्यांनीं सवाई माधवरावांपाशीं कोट्याच्या दिवाळीचें वर्णन केलें : तेथील राजा नगराबाहेर दारूची लंका उभारतो, दारूनें भरलेला उंच रावण करतो, आणि पेटलेल्या शेपटीचा मारुति त्या लंकेवरून फिरवून ती जाळतो. तरुण पेशव्यांस तें पाहण्याची इच्छा झाली, आणि पर्वतीच्या पायथ्याशीं तशीच लंका उभारून जाळण्यांत आली. सारें पुणें पाहावयास लोटलें. बखर ही बखरीच्या बेतानेंच वाचली पाहिजे. तरी रावण जाळण्याचा थाट त्या वेळीं पुण्यास नवलाईचा होता, हें त्यांतून स्पष्ट दिसतें. आमचा दसरा शत्रु जाळण्याचा नव्हे. आम्ही शस्त्रें पुजतों, शींव ओलांडतों आणि आपट्याचीं पानें सोनें म्हणून एकमेकांच्या हातीं देतों. नरकासुरहि, जो गोमंतकांत मोठ्या पुतळ्याच्या रूपानें पहांटे जाळतात, तो आमच्या घरीं एका कडू कारिटाच्या रूपानें येतो आणि अंगठ्याखालीं चिरडला जातो. वैराचें एवढें लहान फळ करून टाकणारी ही रीत आम्हांस फार सुंदर वाटते.

आतां मिरजेकडे वळूं. या गांवानें दारू पाहिली ती प्रथम युद्धाची. १६६० च्या आरंभीं शिवाजी महाराजांनीं मिरजेच्या किल्ल्यास वेढा घातला होता. १६८७ मध्यें तो मोंगलांकडे गेला. १७३९ सालीं शाहू छत्रपतींनीं स्वतः येऊन तो घेतला. आणि १७६१ सालीं तो गोविंद हरि पटवर्धनांकडे आला. पटवर्धनांचें जीवन म्हणजे छावणीचें जीवन. त्यांच्या दप्तरांतील पत्रें मिरजेच्याच वासुदेवशास्त्री खरे यांनीं ‘ऐतिहासिक लेखसंग्रहा’च्या रूपानें १८९७ पासून प्रसिद्ध केलीं, त्यांवरून हैदर व टिपू यांच्याशीं झालेल्या झगड्यांत या घराण्याच्या किती पिढ्या खर्ची पडल्या हें कळतें. तासगांवकर परशुरामभाऊंनीं १७९० सालीं धारवाडास घातलेला वेढा महिनोन् महिने चालला. अशा फौजेमागें दारू कुटणारे, बाण भरणारे, तोफा डागणारे शेंकडों हात असावयाचेच. हे हात कोणाचे होते? बहुतांशीं कृष्णाकांठच्या याच खेड्यांतल्या माणसांचे.

१८१८ सालीं पेशवाई बुडाली. पटवर्धनांचीं संस्थानें १९४८ पर्यंत टिकलीं, पण त्यांच्या तोफांस आतां सलामीपलीकडे काम उरलें नाहीं. ज्यांच्या अंगीं कसब होतें त्यांनीं काय केलें, याचें मिरजेंत एक उत्तम उदाहरण आहे. तलवारींस धार लावणाऱ्या शिकलगारांनीं तंतुवाद्यें दुरुस्त करावयास व पुढें घडवावयास घेतलीं, आणि आज मिरजेचा तंबोरा व सतार देशभर वाजत आहे. दारूच्या कसबाविषयीं इतका स्पष्ट पुरावा आमच्यापुढें नाहीं. तरी रणांगणावरचा बाण देवाच्या पालखीपुढें उडूं लागला, या तर्कांत असंभवनीय असें कांहीं नाहीं. दोहोंची जात एकच; फरक एवढाच कीं, एक माणसाच्या दिशेनें सुटतो व दुसरा आकाशाच्या.

कवठे एकंदचा उत्सव पाहिला म्हणजे हा तर्क अधिकच मनांत भरतो. सांगलीहून तासगांवास जाणाऱ्या रस्त्यावरचें हें गांव. विजयादशमीस ग्रामदैवत श्रीसिद्धराजाची पालखी निघते, आणि रात्रभर तिच्या वाटेवर आतषबाजी चालते. येथें शोभा केवळ बाजारांतून विकत आणलेली नसते. ती मुख्यतः गांवकऱ्यांनीं गटागटानें, पिढीजात प्रमाणें सांभाळून, स्वतः केलेली असते. लांकूड कोरून दारू ठांसलेलीं शिंगटें ठिणग्यांचीं फुलें ओततात, आकाशांत औट फुटतात, चक्रें फिरतात, झाडें पेटतात. यांतलें शास्त्र जुनेंच आहे. सोरा प्राणवायु पुरवितो, कोळसा जळतो, गंधक त्यांस लौकर पेट घ्यावयास लावतो. लोखंडाचा कीस मिसळला कीं सोनेरी फुलें पडतात. तांबडा रंग स्ट्रॉन्शियमचा व हिरवा बेरियमचा. हे झगझगीत रंग एकोणिसाव्या शतकांतील रसायनशास्त्राची देणगी. नाथांच्या वरातींत ते नव्हते. परंपरा म्हणविणारी वस्तुहि नवें शिकत आली आहे, हें या रंगांवरूनच दिसेल.

परंतु या चित्राची दुसरी बाजू झांकून ठेवणें प्रामाणिकपणाचें होणार नाहीं. २०१५ च्या मे महिन्यांत याच गांवच्या एका फटाक्यांच्या कारखान्यांत स्फोट होऊन अनेक कामगारांचे प्राण गेले. दसरा त्या वेळीं दूर होता. पालखी नव्हती, पाहणारे नव्हते. ज्यांनीं शोभा करावयाची तेच तिला बळी पडले. आमच्या शहरांतील दिवाळीचीहि गोष्ट वेगळी नाहीं. तामिळ प्रांतांतील शिवकाशी गांवच्या दोघां नाडार बंधूंनीं १९२३ सालीं कलकत्त्यास जाऊन आगपेट्यांची विद्या आणली, आणि तीमागून फटाक्यांचा धंदाहि तेथें वाढला. त्यामुळें माळ स्वस्त झाली, घरोघर पोंचली. पण ती कोणाच्या हातांनीं वळली हें विचारण्याचें आम्हांस कारण उरलें नाहीं. प्रकाश मागें पडला व आवाज पुढें आला. सर्वोच्च न्यायालयास २००५ सालीं रात्रीं दहानंतरच्या आवाजास बंदी करावी लागली, आणि २०१८ सालीं दिवाळीच्या दारूकामास आठ ते दहा अशी दोन तासांची मर्यादा घालावी लागली. ज्या समाजास आपल्या सणाची वेळ न्यायाधीशांकडून ठरवून घ्यावी लागते, त्यानें आपल्या अभिरुचीचा थोडा विचार करणें इष्ट आहे.

मग आमचें मत काय? कवठे एकंदची आतषबाजी बंद पडावी असें आम्हांस वाटत नाहीं. जें गांव एका रात्रीसाठीं सहा सहा महिने एकत्र राबतें, त्याच्या हातांतून तें कसब काढून घेतल्यास त्या जागीं दुसरें कांहीं आपोआप उगवेल, अशी आशा करण्यास इतिहासांत आधार नाहीं. पण हें कसब माणसांच्या जिवावर चालूं देणें हेंहि परंपरेचें रक्षण नव्हे. दारू कोठें व किती सांठवावी, ती कोणीं हाताळावी, भरणाऱ्यास शिक्षण व विमा असावा कीं नसावा, हे प्रश्न पालखीच्या मानपानाइतकेच महत्त्वाचे मानले गेले पाहिजेत. आणि ते गांवावर टाकून आम्हीं पांढरपेशांनीं गच्चीवरून मौज पाहावी, हेंहि शोभत नाहीं. पाहणारा हासुद्धां त्या उत्सवाचा भागीदार आहे.

दसऱ्यास आम्ही सीमोल्लंघन म्हणतों. पूर्वी फौजा त्या दिवशीं शींव ओलांडून मुलूखगिरीस निघत. पुढें दारूनेंच शींव ओलांडली : ती मारण्याच्या कामांतून निघून रिझविण्याच्या कामांत आली. आतां तिला आणखी एक शींव ओलांडावयाची आहे. ती पाहणाराला जितकी निर्भय आहे तितकीच करणाराला झाली, म्हणजे हें सीमोल्लंघन पुरें झालें असें आम्ही समजूं.