गरोदरपणात दम लागतोय? क्वचित कारण हृदयातली गाठ असू शकते

गरोदरपणात आईच्या शरीरातलं रक्त साधारण ४० ते ५० टक्क्यांनी वाढतं. हृदयाचं काम वाढतं, दम लागतो, पाय सुजतात. हृदयातल्या कर्करोगाची लक्षणंही अशीच असतात, म्हणून तो या काळात लपून राहतो.

हा कर्करोग किती आढळतो?
अत्यंत क्वचित. हृदयातच सुरू होणाऱ्या गाठी मुळात दुर्मीळ. त्यातल्या चारपैकी सुमारे तीन कर्करोगाच्या नसतात. उरलेल्यांपैकी बहुतेक सार्कोमा असतात. प्रौढांमध्ये अँजिओसार्कोमा जास्त दिसतो, बहुधा हृदयाच्या उजव्या वरच्या कप्प्यात. तो वेगाने पसरतो, म्हणून लवकर निदान महत्त्वाचं.

शंका कधी घ्यावी?
• आडवं झोपल्यावर दम लागणं
• खोकल्यातून रक्त येणं, छातीत दुखणं
• अचानक शुद्ध हरपणं
• चेहरा सुजणं, मानेच्या शिरा फुगणं
• बाळंतपणानंतरही दम वाढत जाणं

अशा वेळी झडपेचा आजार किंवा हृदयाच्या स्नायूंचा अशक्तपणा असण्याची शक्यता कितीतरी जास्त. पण तेही गंभीरच. ‘रक्त कमी आहे’ म्हणून लोहाच्या गोळ्या घेतल्या, हिमोग्लोबिन वाढलं, तरी दम कमी झाला नाही, तर डॉक्टरांना इकोबद्दल विचारा.

इकोने बाळाला धोका आहे का?
नाही. ही हृदयाची सोनोग्राफीच. त्यात क्ष-किरण नसतात. गाठ दिसली तर पुढे एमआरआय आणि गाठीचा तुकडा तपासून निदान पक्कं होतं.

उपचार कसे ठरतात?
गरोदरपणाचा कितवा आठवडा आहे, यावर बरंच अवलंबून असतं. पहिल्या तीन महिन्यांत बाळाचे अवयव घडत असतात, म्हणून केमोथेरपी शक्यतो टाळतात. नंतर काही औषधं देता येतात. हृदय उघडून केलेल्या शस्त्रक्रियेत बाळाला धोका असतो. दिवस भरत आले असतील तर आधी प्रसूती करण्याचा विचार होतो. हृदयरोग, कर्करोग, स्त्रीरोग आणि बालरोगतज्ज्ञ मिळून निर्णय घेतात.

अहिल्यानगर जिल्ह्यात कुठे जायचं?
प्रधानमंत्री सुरक्षित मातृत्व अभियानात दर महिन्याच्या ९ तारखेला सरकारी दवाखान्यांत गरोदर महिलांची मोफत तपासणी होते. तिथे दम लागत असल्याचं स्पष्ट सांगा. लोणी आणि विळद घाट इथे वैद्यकीय महाविद्यालयांची रुग्णालयं आहेत. कर्करोगाचं निदान झालं तर मुंबईत परळला टाटा मेमोरियल रुग्णालय आहे. श्वास अचानक कोंडला तर ९ तारखेची वाट पाहू नका, लगेच १०८ ला फोन करा.