अण्णांची परीक्षा कोण घेणार?

आजचा भाग माझ्या घरातूनच सुरू होतो, म्हणजे जयगडातून. गणपतीपुळ्याच्या उत्तरेला, शास्त्री नदी समुद्राला मिळते तिथलं हे गाव. किल्ला, दीपगृह, पलीकडे तवसाळला नेणारी फेरीबोट, आणि अलीकडे बंदर नि वीज प्रकल्प. त्यामुळे निवळीकडून येणाऱ्या रस्त्यावर स्कूटर, डंपर, ट्रेलर सगळे एकत्र.

आमच्याकडच्या ग्रामसभेत मी पहिल्यांदाच शेवटपर्यंत बसलो होतो. पाण्याची लाईन, बंद पडलेले दिवे, मोकाट गुरं, नेहमीचंच. मग आयत्या वेळच्या विषयांत माझ्याच वयाचा एक जण उठला आणि म्हणाला, "सत्तरीच्या पुढच्यांची गाडीची टेस्ट परत घ्या. नायतर पंचायतीनं त्यांची गाडी बंद करावी."

सगळ्यांनी मागे वळून बघितलं. तिथे माझे आजोबा बसले होते. वय 76. आम्ही त्यांना अण्णा म्हणतो. आठ दिवसांपूर्वी वळणावर त्यांच्या स्कूटरचा एका शाळकरी मुलाच्या सायकलीला धक्का लागला होता. मुलाला खरचटलं, तेवढ्यावर निभावलं. सभेत नाव कुणी घेतलं नाही, घ्यायची गरजही नव्हती.

"हा विषय आपल्या हातात नाय," असं म्हणून सरपंचांनी सभा आटोपली. मग हा विषय आहे तरी कुणाच्या हातात? मी शोधायला बसलो, आणि थेट शंभर वर्षं मागे गेलो.

1884 च्या कायद्याने मुंबई इलाख्यात जिल्हा आणि तालुका लोकल बोर्डं आली. गावाकडचे रस्ते, धर्मशाळा, दवाखाने ही त्यांची कामं. म्हणजे रस्ता स्थानिक लोकांकडे आला. पण मोटार आल्यावर चालकाचं काय? 1914 च्या मोटार कायद्यात लायसनचे नियम करायचा अधिकार 'लोकल गव्हर्नमेंट'ला दिला. वाचून मी खूश झालो. पण थांबा! त्या काळच्या कायद्यात लोकल गव्हर्नमेंट म्हणजे प्रांताचं सरकार, मुंबईत बसलेलं. जयगडला कुणी विचारलं नव्हतं. पुढे 1939 चा कायदा आला, मग 1988 चा. 1962 मध्ये जिल्हा परिषदा आल्या, ग्रामसभेला अधिकार मिळाले. रस्त्याचा खड्डा आपला झाला, पण चालकाचं लायसन आरटीओकडेच राहिलं.

आता वयाचं बघू. कायद्यात गाडी चालवायला खालची वयोमर्यादा आहे, वरची नाही. 2019 च्या दुरुस्तीनंतर पंचावन्न ओलांडलेल्यांचं लायसन पाच-पाच वर्षांसाठी मिळतं. सोबत डॉक्टरांचं प्रमाणपत्र लागतं, फॉर्म 1-ए. पंचवीस मीटरवरची नंबरप्लेट दिवसाउजेडी वाचता येते का, असं त्यात विचारलेलं असतं. अण्णांच्या वेळी मी सोबत होतो. डॉक्टरांनी बीपी घेतलं, "काय म्हणतंय गाव?" विचारलं आणि सही केली. मान किती वळते, हे कुणी बघितलं नाही.

आणि खरी गंमत पुढे आहे. लायसन वेळेत रिन्यू केलं तर नव्वदीतही टेस्ट नाही. पण मुदत संपून एक वर्ष उलटलं, तर मात्र टेस्ट द्यावीच लागते. म्हणजे आपला कायदा म्हाताऱ्यांची परीक्षा घेतो, पण फक्त तारीख विसरणाऱ्यांची!

याच कायद्यात कलम 16 आहे. एखादा माणूस आजारामुळे किंवा अपंगत्वामुळे गाडी चालवायला योग्य नाही असं मानायला सबळ कारण असेल, तर लायसन देणारं कार्यालय मध्येच नवं वैद्यकीय प्रमाणपत्र मागू शकतं, लायसन रद्दही करू शकतं. वयाचा उल्लेख नाही, आणि मला ते बरोबर वाटतं. सत्तरीतले सगळे एकाच दावणीला का बांधायचे?

बाहेरच्या देशांचीही ओढाताण झालेली आहे. ब्रिटनमध्ये ड्रायव्हिंग टेस्ट सक्तीची झाली 1935 मध्ये, पण आधीपासून चालवणाऱ्यांना ती माफ होती. जपानने 2009 पासून पंचाहत्तरीच्या पुढे स्मरणशक्ती तपासायला सुरुवात केली. 2019 मध्ये टोकियोत 87 वर्षांच्या चालकाच्या गाडीखाली एक आई आणि तिची लहान मुलगी गेली. देश हादरला. 2022 पासून, वाहतुकीचे ठराविक नियम मोडलेल्या पंचाहत्तरीपुढच्यांना प्रत्यक्ष गाडी चालवून दाखवावी लागते. पण मला जास्त पटली ती दुसरी गोष्ट. तिथे स्वतःहून लायसन परत करणाऱ्यांना अनेक ठिकाणच्या स्थानिक संस्था बस-टॅक्सीत सवलत देतात.

हे ऐकून अण्णा म्हणाले, "सवलत कसली? पंचाहत्तरीनंतर एसटी फुकटच हाय. पण गाडी हवी ना वेळेवर!" खरंय. ऑगस्ट 2022 पासून पंचाहत्तरीपुढच्यांना एसटी मोफत आहे. पण बँक, औषधं, रत्नागिरीचा डॉक्टर, हे सगळं एसटीच्या वेळेवर थोडंच चालतं? एके काळी मुंबई-गोवा मार्गावरच्या बोटी जयगडला थांबायच्या. त्या गेल्या, सगळा भार रस्त्यावर आला. अण्णांची स्कूटर काढून घ्यायची म्हणजे त्यांना ओटीवर बसवायचं.

शेवटी परीक्षा मीच घेतली. होडीच्या दोराने पंचवीस मीटर मोजले आणि माझी बाईक उभी केली. नंबर त्यांनी फटकन वाचला. मग म्हटलं, स्कूटरवर बसा आणि मान वळवून मागे मी किती बोटं धरलीत ते सांगा. त्यांनी प्रयत्न केला, मान अर्ध्यावर थांबली. दोघंही थोडा वेळ काही बोललो नाही.

"काळोख पडल्यावर मी नाय चालवणार," ते म्हणाले. "आणि त्या वळणाच्या पलीकडे तू न्यायचंस."

पुढच्या ग्रामसभेसाठी मी अर्ज लिहून ठेवलाय. दोन मागण्या आहेत: वळणावर आरसा, आणि आठवड्यातून निदान दोन दिवस दवाखान्याच्या वेळेला धरून एसटी. सूचक मी. अनुमोदक म्हणून अण्णांनी सही केली आहे, आणि त्यांच्या खाली, स्वतःहून, सभेत उठलेल्या त्या पोराने.