हॅव (इंग्रजी क्रियापद)

हॅव हे इंग्रजी भाषेतील एक मूलभूत क्रियापद आहे. स्वामित्व, नाते, गुण, आजार, अनुभव आणि सक्ती असे अनेक अर्थ ते व्यक्त करते. शिवाय पूर्ण काळांच्या रचनेत ते सहायक क्रियापद म्हणून येते. उर्दू व मराठी या दोन्ही भाषांत त्याला एकच एक प्रतिशब्द नाही. त्यामुळे उर्दू माध्यमातून इंग्रजी शिकणाऱ्यांना या क्रियापदाचा उपयोग शब्दार्थापेक्षा वाक्यरचनेवरून समजून घ्यावा लागतो.

व्युत्पत्ती व रूपे

हे क्रियापद प्राचीन इंग्रजीतील 'हाब्बन' या रूपापासून आले असून जर्मन भाषेतील 'हाबेन' त्याचे सजातीय आहे. लॅटिनमधील 'हाबेरे' उच्चाराने व अर्थाने जवळचे असले तरी त्याचे मूळ वेगळे आहे. वर्तमानकाळात 'हॅव' आणि तृतीयपुरुषी एकवचनी 'हॅज', तर भूतकाळात सर्वत्र 'हॅड' हे रूप वापरतात.

स्वामित्वदर्शक उपयोग

इंग्रजीत ज्याच्याकडे वस्तू आहे तो वाक्याचा कर्ता होतो. उर्दू व मराठीत मात्र वस्तू किंवा व्यक्ती हीच कर्ता असते, क्रियापद 'होना' किंवा 'असणे' हे असते आणि स्वामी विभक्तीने अथवा शब्दयोगी अव्ययाने दाखवला जातो. तो कसा दाखवायचा, हे संबंधाच्या प्रकारावर अवलंबून असते.

• जवळ बाळगता येणारी वस्तू : 'आय हॅव अ बुक'. उर्दू : 'मेरे पास किताब है'. मराठी : 'माझ्याजवळ पुस्तक आहे'.
• नातेसंबंध : 'आय हॅव टू ब्रदर्स'. उर्दू : 'मेरे दो भाई हैं'. मराठी : 'मला दोन भाऊ आहेत'.
• आजार : 'आय हॅव अ फीवर'. उर्दू : 'मुझे बुखार है'. मराठी : 'मला ताप आहे'.
• गुण : 'शी हॅज करेज'. उर्दू : 'उसमें हिम्मत है'. मराठी : 'तिच्या अंगी धाडस आहे'.
• स्थळ : 'पेण हॅज अ रेल्वे स्टेशन'. उर्दू : 'पेण में रेलवे स्टेशन है'. मराठी : 'पेणमध्ये रेल्वे स्थानक आहे'.

'हॅव म्हणजे पास होना' एवढेच पाठ केल्यास नात्याच्या वाक्याचे भाषांतर 'मेरे पास दो भाई हैं' असे होते. त्यातून नाते सांगितले जाण्याऐवजी भाऊ या क्षणी सोबत आहेत, असा अर्थ निघू शकतो. उर्दूत 'रखना' (ठेवणे) हे क्रियापद 'अहमियत रखना', 'ताल्लुक रखना' अशा प्रयोगांत 'हॅव'च्या जवळ जाते, पण ते सर्वत्र चालत नाही.

क्रियापदाचे वचन हा दुसरा अडचणीचा मुद्दा आहे. 'उसके दो भाई हैं' या वाक्यात क्रियापद भावांनुसार अनेकवचनी होते. इंग्रजीत ते स्वामीनुसार चालते. म्हणून 'शी हॅव टू ब्रदर्स' हे वाक्य चूक असून 'शी हॅज टू ब्रदर्स' हे बरोबर आहे. भारतीय इंग्रजीत 'आय ॲम हॅविंग टू ब्रदर्स' असेही ऐकू येते; प्रमाण इंग्रजीत नाते किंवा मालकी सांगताना अपूर्ण काळ वापरत नाहीत. 'आय ॲम हॅविंग टी' हे मात्र योग्य आहे, कारण तेथे चहा घेण्याची क्रिया अभिप्रेत आहे.

सहायक क्रियापद

'मैंने खत लिखा है' व 'मी पत्र लिहिले आहे' या वाक्यांतील 'है' आणि 'आहे' यांच्या जागी इंग्रजीत 'हॅव' येते : 'आय हॅव रिटन अ लेटर'. उर्दू व मराठीत अशा वाक्यात 'कल' किंवा 'काल' हा शब्द घालता येतो. इंग्रजीत 'यस्टर्डे' आल्यास 'हॅव' गळून साधा भूतकाळ येतो : 'आय रोट अ लेटर यस्टर्डे'.

'हॅव टू' ही रचना सक्ती दाखवते. 'मुझे रोहा जाना है' आणि 'मुझे रोहा जाना पड़ता है', तसेच 'मला रोह्याला जायचे आहे' आणि 'मला रोह्याला जावे लागते' या जोड्यांत नियोजन व सक्ती वेगवेगळी दिसतात. इंग्रजीत 'आय हॅव टू गो टू रोहा' हे एकच वाक्य दोन्ही ठिकाणी येऊ शकते. नेमका अर्थ संदर्भावरून ठरतो.

पेण व रोहा परिसरातील संदर्भ

पेण व रोहा ही रायगड जिल्ह्यातील तालुक्याची ठिकाणे आहेत. जिल्ह्यातील अनेक कोकणी मुस्लिम कुटुंबांत घरी मराठीला जवळची कोकणी बोली, तर शिक्षण व धार्मिक वाचनासाठी उर्दू वापरली जाते. महाराष्ट्रात २००० सालापासून इंग्रजी पहिल्या इयत्तेपासून शिकवली जाते. २०२०च्या राज्य अधिनियमानुसार सर्व माध्यमांच्या शाळांत मराठीही टप्प्याटप्प्याने अनिवार्य झाली. त्यामुळे उर्दू माध्यमातील विद्यार्थ्यापुढे 'मेरे दो भाई हैं', 'मला दोन भाऊ आहेत' आणि 'आय हॅव टू ब्रदर्स' अशा तीन रचना एकाच वेळी असतात. घरची बोली, उर्दू आणि मराठी या तिन्हींत मालकीसाठी स्वतंत्र क्रियापद न वापरण्याची पद्धत समान असल्याने, मराठीची उदाहरणे उर्दू भाषक विद्यार्थ्यालाही उपयोगी पडतात.

इतर भाषांतील स्थिती

'हॅव'सारख्या क्रियापदाचा अभाव हे उर्दू-मराठीचे उणेपण नाही. अरबीत 'इंदी', म्हणजे 'माझ्यापाशी', असे म्हणून मालकी सांगतात. रशियन भाषेतही स्वामी शब्दयोगी अव्ययाने दाखवून 'असणे' या अर्थाचे क्रियापद वापरले जाते. लॅटिनमध्ये 'हाबेरे'बरोबरच मराठीतील 'मला आहे' यासारखी चतुर्थीची रचनाही होती.