अशोक चौकातली पत्त्यांची वही

सोलापुरात इंटरनेट शिरलं ते एसटीडी-पीसीओच्या दुकानांतून. विदेश संचार निगमनं १५ ऑगस्ट १९९५ रोजी देशात सामान्य ग्राहकांसाठी ही सेवा सुरू केली, पण ती महानगरांपुरती. १९९८च्या अखेरीस खासगी कंपन्यांना परवानगी मिळाली आणि पुढच्या दोन-तीन वर्षांत आमच्याकडच्या पिवळ्या पाट्यांखाली ‘इंटरनेट’ अशी दुसरी पाटी लागू लागली. फोनची लाइन त्या दुकानांत होतीच, बसायला बाकडं होतं आणि मिनिटांवर पैसे मोजायची गिऱ्हाइकाला सवय होती. आमचं दुकानही त्यातलंच. अशोक चौकाकडे जाणाऱ्या रस्त्यावर, पूर्व भागात, दोन्ही बाजूंना यंत्रमागांची खटखट. दर सुरुवातीला तासाला ४० रुपये. काउंटरवर मी बसायचे. बाई बसते म्हटल्यावर पद्मशाली विणकरांच्या घरांतल्या आया निर्धास्तपणे मुलींना पाठवत. त्या मुली मला ‘अक्का’ म्हणायच्या, मग सगळेच म्हणू लागले.

सोलापूरच्या इतिहासात गिरण्या येतात, मार्शल लॉ येतो, चादर येते, सिद्धेश्वराची यात्रा येते. त्या सगळ्यावर लिहिलं गेलंय आणि ते हवंच. पण या शहरानं पडद्यावरचं जग पहिल्यांदा कसं धुंडाळलं याची नोंद कुणी ठेवलेली नाही. तो काळ जेमतेम दहा-पंधरा वर्षांचा. मी तो काउंटरच्या खुर्चीतून पाहिला, म्हणून लिहिते.

पहिली अडचण यंत्राची नव्हती, पत्त्याची होती. गिऱ्हाईक खुर्चीवर बसायचं, मोडेमची किंकाळी ऐकायचं, पांढरी चौकट उघडायची आणि ते माझ्याकडे वळून विचारायचं, “आता काय बघायचं?” हॉटमेल, याहू आणि रेडिफ ही तीन नावं बहुतेकांना ठाऊक. त्यापलीकडे रान मोकळं. गूगल १९९८चं, पण गूगलला विचारायचं तरी काय हे आधी सुचायला हवं ना! जे अस्तित्वात आहे हेच माहीत नाही ते कोण कसं शोधणार? मोठ्या जगातही सुरुवात अशीच झाली होती. स्टॅनफर्डमधल्या जेरी यांग आणि डेव्हिड फिलो या दोन विद्यार्थ्यांनी १९९४ साली स्वतःला आवडलेल्या साइट्सची विषयवार यादी केली, आणि त्याच यादीचं पुढे याहू झालं. माणसानं पाहायचं, माणसानं निवडायचं, माणसानं दुसऱ्याला सांगायचं.

आमच्या काउंटरवर ते काम एका लांबट फुलस्केप वहीनं केलं. कुणाला काही चांगलं सापडलं की तो पत्ता वहीत उतरवायचा, शेजारी एका ओळीत काय आहे ते लिहायचं. अभ्यास, नोकरी, गाणी, देवधर्म, खेळ आणि ‘बघण्यासारखं’ असे भाग मी पाडले होते. अक्षरं वेगवेगळ्या हातांची आणि तीन लिप्यांतली, कारण पूर्व भागातली माणसं तेलुगूत विचार करतात, बाजारात मराठी बोलतात आणि विजापूर-अक्कलकोटकडचे पाहुणे कन्नड घेऊन येतात. ईनाडूचा पत्ता तेलुगू अक्षरांत, प्रजावाणीचा कन्नडमध्ये, लोकसत्ताचा मराठीत. वही उघडायला पैसे लागत नसत. पुष्कळ मुलं नुसती वही वाचायला यायची आणि रविवारी काय पाहायचं ते ठरवून जायची.

माझ्या सासऱ्यांच्या पिढीला नवल पाहायचं तर सिद्धेश्वराच्या यात्रेतला गड्डा होता. जानेवारीत, संक्रांतीच्या सुमारास होम मैदानावर पाळणे, जादूचे प्रयोग, मौत का कुआँ लागत, आणि गड्ड्याहून आलेला माणूस न गेलेल्यांना पुढचे चार दिवस वर्णन करून सांगे. ‘बघण्यासारखं’ ही पानं म्हणजे वर्षभर चालणारा गड्डा होता. त्या भागातला पहिला पत्ता नासाच्या रोजच्या खगोलचित्राचा. १६ जून १९९५पासून तिथं दररोज आकाशाचं एक नवं चित्र आणि त्याखाली खगोलशास्त्रज्ञानं लिहिलेला खुलासा येतो, आजही येतो. दयानंद कॉलेजातला एक विद्यार्थी त्याच्यासाठी संध्याकाळी ठरलेल्या वेळी यायचा. ५६ केबीपीएसच्या मोडेमवर ते चित्र वरून खाली एकेक पट्टी उलगडत जाई. एखाद्या तेजोमेघाचा खालचा भाग दिसेपर्यंत शेजारच्या खुर्च्यांवरची मुलंही आपलं काम थांबवून मान वळवत.

मराठीचा प्रश्न सगळ्यात बिकट होता. प्रत्येक वर्तमानपत्राचा फॉन्ट वेगळा. तो उतरवून घेतला नाही तर पानभर चौकोन आणि परकी चिन्हं. शिवाजी, किरण, शुषा असे फुकट मिळणारे फॉन्ट मी सगळ्या संगणकांवर चढवून ठेवले होते. युनिकोड आल्यावरही विंडोज एक्सपीला देवनागरी नीट दाखवायला मूळ सीडी घालून वेगळी सोय चालू करावी लागे. हे काम आमच्या रस्त्यावर करून देणारं कुणी नव्हतं, म्हणून मी ते शिकले. ज्या दिवशी सगळ्या पडद्यांवर जोडाक्षरं न तुटता उमटली, त्या दिवशी गावातली म्हातारी माणसं दुकानात येऊ लागली. मराठी वाचता येतं एवढीच जाहिरात पुरली.

त्यांच्यासाठी वहीत काय होतं? अजय गल्लेवाले यांनी अमेरिकेतून १९९६ साली सुरू केलेली ‘मायबोली’. महेश वेलणकरांचं २००४चं ‘मनोगत’. १ मे २००३पासूनचा मराठी विकिपीडिया, तेव्हा अगदी तुटपुंजा. शिकागो विद्यापीठानं आपल्या साइटवर ठेवलेला मोल्सवर्थचा कोश, १८५७ची आवृत्ती, शब्द टाकला की अर्थ समोर. एक निवृत्त मराठी शिक्षक त्या कोशासाठी यायचे आणि आपल्या लहानपणी ऐकलेले, आता बोलण्यातून गेलेले शब्द तिथं आहेत का ते पाहायचे. शब्द सापडला की ते वहीतल्या त्या पत्त्यापुढे तारीख घालून तो शब्द लिहीत. आणि अलका विभासांची ‘आठवणीतली गाणी’. भजनी मंडळाच्या बायका दुपारी यायच्या. एकजण पडद्यावरून मोठ्यानं वाचायची, बाकीच्या आपापल्या डायरीत उतरवायच्या. छपाईचे पैसे वाचत आणि उतरवता उतरवता चालही बसे. कोश विद्यापीठाचा, पण बाकीच्या साइट्स कुणीतरी स्वतःच्या रात्री घालून उभ्या केल्या होत्या. मराठीनं इंटरनेटवर पाय रोवले ते अशा माणसांच्या जिवावर, हे माझं ठाम मत आहे.

पण वहीतल्या एका नोंदीबद्दल मला सविस्तर सांगायचंय. आमच्या गल्लीत चादरीची नक्षी काढणारे एक गृहस्थ होते. सोलापुरी चादरीवरची मोरांची, फुलांची नक्षी जकार्ड मागावर विणली जाते. आधी चौकटीच्या कागदावर एकेक चौकोन रंगवून नक्षी काढायची, मग त्याबरहुकूम पुठ्ठ्याच्या कार्डांना भोकं पाडायची, ती कार्डं ओळीनं गुंफून मागावर चढवायची. जिथं भोक तिथं तो धागा उचलला जातो, जिथं नाही तिथं तो खाली राहतो. हे काम त्यांच्या घरात दोन पिढ्यांचं. त्यांचा मुलगा माझ्याकडे यायचा. त्याला कापडाविषयी शोधताना ॲरिझोना विद्यापीठाच्या साइटवर विणकामाच्या जुन्या पुस्तकांचा मोठा संग्रह सापडला. तो जमवला होता राल्फ ग्रिसवोल्ड या संगणकशास्त्राच्या प्राध्यापकानं. स्नोबोल आणि आयकॉन या संगणकाच्या भाषा घडवणारा हा माणूस निवृत्तीनंतर विणकामाकडे वळला, आणि ज्यांचे हक्क संपले आहेत असे ग्रंथ, नमुने, मासिकं स्कॅन करून त्यानं सगळ्यांसाठी मोकळी ठेवली.

मुलानं वडिलांना बोलावून आणलं. दुकानात ते पहिल्यांदाच आले. एकेक पान उघडायला वेळ लागत होता, ते उभ्यानंच पाहत राहिले. इंग्रजीचं एक अक्षर त्यांना वाचता येत नव्हतं, पण चौकोनांचा नकाशा वाचायला भाषा लागत नाही. हा ताणा, हा बाणा, इथं दोन धागे उड्या मारतायत, असं ते मुलाला तेलुगूत समजावत होते. मग मी त्यांना सांगितलं, की फ्रान्समध्ये जकार्डनं १८०४ साली हा माग बांधला, त्याची भोकांची कार्डं इंग्लंडात बॅबेजनं आपल्या गणित करणाऱ्या यंत्राच्या आराखड्यात घेतली, आणि पुढे अमेरिकेत १८९०च्या जनगणनेची मोजणी हॉलेरिथच्या भोकांच्या कार्डांवर झाली. ते पडद्याकडे बघून म्हणाले, “अक्का, मग हे यंत्र आमच्या मागाच्याच घराण्यातलं की.” त्यांनी निवडक पानं छापून घेतली. त्यातली एक किनार पुढे त्यांच्या चादरीवर आली. वहीत तो पत्ता त्यांनी स्वतःच्या हातानं तेलुगूत लिहिला.

जून २००५मध्ये गूगल अर्थ आलं. सुरुवातीला आमच्या भागाची चित्रं धूसर होती, ती सुधारल्यावर सगळ्यांनी आधी सिद्धेश्वराचं देऊळ शोधलं. तळ्याच्या मधोमध उभं असलेलं देऊळ, शेजारी भुईकोट किल्ल्याचे बुरूज. जन्मभर पायी प्रदक्षिणा घातलेल्या माणसांनी ते वरून कधी पाहिलंच नव्हतं. पाठोपाठ प्रत्येकानं आपापल्या घराचं छप्पर शोधलं.

खेळांचं पान सगळ्यात मळकट होतं. मिनीक्लिपचा पत्ता त्यावर बोटांनी झिजून गेला होता. ऑर्कुट ही मित्र जोडायची साइट २००४मध्ये सुरू झाल्यावर मुलांचा वेळ तिकडे वळला. बारावीच्या निकालाच्या दिवशी मात्र खेळ बंद, सगळ्या खुर्च्या बैठक क्रमांकांच्या चिठ्ठ्यांसाठी राखीव, आणि रस्त्यापर्यंत रांग.

पडता काळ कुठून सुरू झाला ते नेमकं सांगता येतं. आधी भारनियमन. दिवसाचे कित्येक तास वीज नाही, इन्व्हर्टरवर चार पडदे चालायचे तिथं दोन चालू लागले. मग २०११ साली सायबर कॅफेंसाठी केंद्राचे नियम आले. प्रत्येकाचं ओळखपत्र पाहा, नोंदी वर्षभर जपा, आडोशाची उंची साडेचार फुटांपेक्षा जास्त नको. नियमांमागचं कारण मला पटत होतं, पण नुसती वही चाळायला येणारी पोरं त्यानंतर कमी झाली. तोवर दर तासाला १५ रुपयांवर उतरला होता. सप्टेंबर २०१६मध्ये जिओचं मोबाइल इंटरनेट आलं तेव्हा आमचं दुकान झेरॉक्स, शिष्यवृत्तीचे अर्ज आणि सातबारा यांवर चालत होतं.

मोबाइलनं पुष्कळ दिलं, ते नाकारण्यात अर्थ नाही. पण आता समोर जे येतं ते आपल्याला जास्तीत जास्त वेळ थांबवून ठेवण्यासाठी येतं. वहीत जे यायचं ते कुणाला तरी मनापासून आवडलेलं असायचं, आणि त्या माणसाला आपण ओळखत असू. चादरीच्या नक्षीकाराला ग्रिसवोल्ड सापडला तो त्याच्या मुलामुळे. हा फरक मला फार मोठा वाटतो.

माझ्या जिल्ह्यात तीच रीत नव्या रूपात टिकली, याचा मला अभिमान आहे. माढा तालुक्यातल्या परितेवाडीच्या जिल्हा परिषद शाळेत रणजितसिंह डिसले २००९ साली शिक्षक म्हणून आले. तिथल्या मुलींच्या घरची भाषा कन्नड. डिसले गुरुजी कन्नड शिकले, पुस्तकं त्या भाषेत नेली आणि पानांवर क्यूआर कोड छापले. कोड टिपला की कविता ऐकू येते, धडा दिसतो, गोष्ट उघडते. २०१७मध्ये राज्य सरकारनं पाठ्यपुस्तकांत सगळीकडे हे कोड आणायचं जाहीर केलं. ३ डिसेंबर २०२० रोजी त्यांना दहा लाख डॉलरचं ग्लोबल टीचर प्राइझ मिळालं आणि त्यातली निम्मी रक्कम त्यांनी अंतिम फेरीतल्या इतर नऊ शिक्षकांत वाटली. जगानं तंत्राचं कौतुक केलं. मला त्यात एक शिक्षक मुलीच्या हातावर नेमका पत्ता ठेवताना दिसतो.

वहीतले बरेच पत्ते आता मेले आहेत. फुकट साइट थाटू देणारं जिओसिटीज २००९मध्ये बंद झालं, ऑर्कुट ३० सप्टेंबर २०१४ला. मिनीक्लिपवरचे खेळ ज्या फ्लॅश तंत्रावर चालत, त्याचा आधार २०२०च्या अखेरीस काढला गेला आणि मुलांचे ते खेळ बंद पडले. तरी सगळं गेलेलं नाही. ‘फ्लॅशपॉइंट’ नावाच्या प्रकल्पात जगभरच्या हौशी माणसांनी ते खेळ हजारोंनी जपले आहेत. इंटरनेट अर्काइव्हच्या ‘वेबॅक मशीन’मध्ये २००१पासून कुणालाही मेलेल्या साइटचा जुना पत्ता टाकून तिची पूर्वीची पानं पाहता येतात. वहीतले पत्ते मी तिथं एकेक करून टाकून पाहते आहे, आणि जी साइट अजून जिवंत आहे तिचं पान त्याच ठिकाणी जतन करून ठेवते. त्याला पैसे पडत नाहीत, फक्त पत्ता टाकून ‘सेव्ह पेज नाऊ’ दाबायचं असतं.

सोलापुरात अशी दुकानं पुष्कळ होती. नव्या पेठेत, सात रस्त्याला, कॉलेजांच्या आसपास. तुम्ही असं दुकान चालवलं असेल तर माळ्यावरच्या नोंदवह्या, दरपत्रकं, पाटीचा फोटो रद्दीत घालू नका. तुम्ही गिऱ्हाईक असाल तर त्या काळात सापडलेला आणि अजून आठवणारा एक पत्ता काढा, वेबॅक मशीनमध्ये जतन करा आणि घरातल्या एका मुलाला तो दाखवा. तुम्हाला तो का आवडला होता, तेही त्याला सांगा.